नवी त्वचा, जुना चेहरा

माणसाला आपला चेहरा बदलण्याचा अधिकार आहे काय? हा प्रश्न आपल्या आजी-आजोबांना पडला नसता, कारण तो पडावा अशी सोयच त्यांच्यापाशी नव्हती. देवीच्या व्रणांनी भरलेला चेहरा ज्याच्या वाट्याला आला, त्याने तो मरेपर्यंत वागविला. लोक त्याला त्याच व्रणांवरून ओळखू लागले आणि हळूहळू ते व्रण दिसेनासे झाले. म्हणजे चेहऱ्यावर ते होतेच, पण पाहणाऱ्याच्या नजरेतून गेले. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला. आज चेहऱ्यावर खड्डे पडतात ते बहुधा तारुण्यपीटिकांचे किंवा भाजल्याचे. आणि ते सपाट करून देऊ असे सांगणाऱ्या दवाखान्यांच्या पाट्या वसई, दादर, पुणे, मडगाव अशा कोणत्याही गावाच्या बाजारपेठेत दिसतात. उपाय हाताशी आला, की प्रश्नही दाराशी येऊन उभा राहतो.

या लेखात आम्ही एकाच उपचाराचा विचार करणार आहोत. लेसर किरणांनी त्वचेचा वरचा थर काढून तो नव्याने घडविण्याचा हा उपचार. वैद्यकात त्याला लेसर रिसरफेसिंग म्हणतात. त्याच्याविषयी आपल्या घरांतून दोन मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "देवाने दिले ते काय कमी आहे? हे सारे नखरे आहेत." तरुण मंडळी म्हणतात, "चेहरा आमचा, पैसे आमचे. इतरांना काय त्याचे?" दोन्ही उत्तरांत थोडेबहुत तथ्य आहे, पण दोन्ही फार लवकर दिली जातात. उत्तर देण्यापूर्वी तो किरण करतो तरी काय, हे समजून घेतले पाहिजे. वस्तुस्थिती न जाणता केलेला नीतीचा विचार हा नुसता शेरा ठरतो.

लेसर म्हणजे एकाच तरंगलांबीचा, एका दिशेने शिस्तीत चालणारा प्रकाश. त्याचे बीज आइन्स्टाइनने १९१७ साली मांडलेल्या सिद्धान्तात आहे. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन याने माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण प्रत्यक्ष काढून दाखविला. त्वचेच्या या उपचाराला ज्या किरणाचा सर्वांत मोठा आधार झाला, तो मात्र एका महाराष्ट्रात जन्मलेल्या शास्त्रज्ञाच्या हातून निघाला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीस झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि तेथील बेल प्रयोगशाळेत १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर. तो डोळ्यांना दिसत नाही; पण पाणी त्याला चटकन शोषून घेते. त्वचेच्या पेशींत पाण्याचा अंश मोठा असल्यामुळे किरण पडताच ते पाणी क्षणार्धात तापते आणि त्या पेशींची वाफ होऊन जाते.

आरंभीच्या काळात हा किरण अखंड धारेने सोडला जाई. त्यामुळे जी जागा काढायची तिच्या आजूबाजूची निरोगी त्वचाही होरपळे. १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या दोन अमेरिकी वैद्यकशास्त्रज्ञांनी एक साधे पण मूलगामी तत्त्व मांडले. लक्ष्य थंड होण्यास जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळ किरण सोडला, तर उष्णता शेजारी पसरण्यापूर्वीच काम उरकते. या तत्त्वावर आधारलेली, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान झोत सोडणारी यंत्रे १९९०नंतरच्या दशकात आली आणि रिसरफेसिंगचा खरा प्रसार झाला. त्याच दशकात अर्बियमचा लेसर आला. पाणी त्याला अधिकच जोराने शोषून घेत असल्याने तो अधिक पातळ थर काढतो आणि खाली कमी उष्णता सोडतो. २००४ साली आणखी एक सुधारणा झाली. सबंध पृष्ठभाग न सोलता, चाळणीच्या छिद्रांप्रमाणे हजारो सूक्ष्म बिंदूंवरच किरण टाकायचा आणि मधली त्वचा शाबूत ठेवायची. या पद्धतीला फ्रॅक्शनल लेसर म्हणतात. मधल्या निरोगी त्वचेतून जखम लवकर भरते. मात्र उपचाराच्या बैठका अधिक घ्याव्या लागतात.

यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की लेसर स्वतः काहीच बरे करीत नाही. तो इजा करतो. ती मोजूनमापून, ताब्यात ठेवून केलेली इजा असते, एवढेच. बरे करते ते शरीर. केसांच्या मुळांशी असलेल्या पेशी वर सरकतात आणि नवे आवरण तयार करतात; खालच्या थरातील कोलॅजनचे धागे उष्णतेने आक्रसतात आणि पुढील काही महिने तेथे नवे कोलॅजन साठत जाते. चेहऱ्यावर असे केसांचे कूप पुष्कळ असल्याने तेथील जखम चांगली भरते. मानेवर ते विरळ असल्याने तेथे व्रण राहण्याची भीती अधिक असते. तेव्हा प्रत्येक शस्त्रक्रियेपुढे जो प्रश्न असतो, तोच येथेही आहे. कोणत्या हितासाठी, किती जखम करणे योग्य?

प्रथम हिताची बाजू पाहू. स्टोव्हच्या भडक्यात किंवा फटाक्याने भाजलेल्या माणसाची त्वचा भरून येते, पण ती जाड, ताठर आणि खाजरी होऊन बसते. ओठाचा कोपरा ओढला जातो, मान वळत नाही. अशा व्रणांवर फ्रॅक्शनल लेसरचा उपयोग चांगला होतो. व्रण मऊ पडतो, ओढ कमी होते, खाज उतरते. मोठ्या आखडलेल्या व्रणांना शस्त्रक्रिया लागतेच, पण तिच्या जोडीला लेसर हा आता मान्य उपचार आहे. मुरुमांमुळे पडलेले उथळ व मध्यम खोलीचे खड्डे या उपचाराने बरेच भरून येतात. सुईने टोचल्यासारखे अरुंद, खोल खड्डे मात्र फारशी दाद देत नाहीत. तोंडाभोवतीच्या व डोळ्यांखालच्या बारीक सुरकुत्या कमी होतात. उन्हाने वर्षानुवर्षे खरवडलेल्या त्वचेवर, विशेषतः गोऱ्या वर्णाच्या माणसांत, काही खडबडीत ठिपके उठतात आणि त्यांतून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. तेही या मार्गाने काढता येतात. मात्र सैल पडून लोंबणारी कातडी लेसरने वर उचलली जात नाही आणि वय थांबत तर नाहीच. खड्डा पुसट होतो, नाहीसा होत नाही. "पूर्णपणे पुसून टाकू" असे जो सांगतो, तो वैद्य नसून विक्रेता आहे, असे समजावे.

आता धोक्याची बाजू. सबंध थर काढणाऱ्या उपचारानंतर आठवडा-दोन आठवडे चेहरा ओल्या जखमेसारखा असतो आणि लाली कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने टिकते. जंतुसंसर्ग होऊ शकतो. ज्यांच्या ओठांवर पूर्वी हर्पीसच्या पुळ्या येऊन गेल्या आहेत, त्यांच्या साऱ्या चेहऱ्यावर त्या उसळू शकतात. म्हणून आधीपासून औषध द्यावे लागते. किरण खोल गेला तर नवा व्रण पडतो. पापणीची कातडी आखडून पापणी खाली ओढली जाऊ शकते. डोळ्यांवर योग्य संरक्षक कवच नसेल तर दृष्टीलाच इजा होते. ज्यांच्या जखमा उंच, कडक गाठीसारख्या भरतात, त्यांनी आणि मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन हे औषध घेत असलेल्यांनी किंवा नुकतेच घेतलेल्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना सांगितल्यावाचून या खुर्चीत बसू नये.

आपल्यासाठी सर्वांत मोठा धोका याहून वेगळा आहे. तो आपल्या वर्णातच आहे. हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली ऊन लागल्यावर त्वचा कशी वागते यावरून तिचे प्रकार पाडले. पहिल्या यादीत केवळ गोऱ्या त्वचेचेच प्रकार होते. सावळ्या व काळ्या त्वचेची भर नंतर पडली आणि एकूण सहा प्रकार झाले. आपण भारतीय बहुतांशी चौथ्या व पाचव्या प्रकारात मोडतो. आपल्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हापासून आपले रक्षण करते; पण त्वचेला इजा झाली, की तेच द्रव्य प्रमाणाबाहेर तयार होऊन काळे डाग पडतात. हे डाग बहुधा काही महिन्यांनी उतरतात, पण ते महिने सोपे नसतात. क्वचित उलटेही घडते. काही महिन्यांनी त्या जागेचा रंग उडून पांढुरके चट्टे पडतात आणि ते कायमचे राहू शकतात. गालावर वांग असलेल्या स्त्रीने तर अधिकच सावध असावे, कारण लेसरनंतर वांग पुन्हा उमटण्याची, कधी अधिक गडद होण्याची शक्यता मोठी असते. म्हणजे डाग घालविण्यास गेलेली व्यक्ती डाग घेऊन परत येऊ शकते. म्हणूनच जाणते त्वचारोगतज्ज्ञ आपल्याकडे सबंध थर सोलण्याचे टाळतात. फ्रॅक्शनल पद्धत, तीही विरळ बिंदूंची, दोन बैठकांत पुरेसे अंतर ठेवून वापरतात आणि आधी कानामागे किंवा जबड्याखाली छोट्याशा जागेवर चाचणी घेतात.

उपचारानंतर कित्येक आठवडे ऊन कटाक्षाने टाळावे लागते. हे वाक्य लिहिणे सोपे आहे. पण पहाटे वाडीतली भाजी काढून ती बाजारात नेणाऱ्या बाईने, किंवा वाळत घातलेली मासळी भर दुपारी उलटणाऱ्या कोळिणीने ऊन कसे टाळावे? ज्याच्या डोक्यावर दिवसभर छप्पर आहे, त्याच्याच पदरात या उपचाराचे पुरते फळ पडते. चेहऱ्याच्या व्रणांनाही गरिबी-श्रीमंती असते, ती अशी.

हे सारे लक्षात घेऊन आता मूळ प्रश्नाकडे वळू. पुष्कळ जण म्हणतात, की रेषा अगदी स्पष्ट आहे. अपघाताने वा आजाराने बिघडलेले पूर्ववत करणे योग्य आणि केवळ शोभेसाठी करणे अयोग्य. आपल्या सरकारनेही काहीशी अशीच रेषा आखली आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा आरोग्यसेवेला करातून सूट मिळाली, पण सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला मिळाली नाही. जन्मजात दोष, वाढीतील वैगुण्य, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेले शरीर पूर्ववत करण्यासाठी ती केली असेल तरच मिळाली. कर वसूल करण्यापुरती ही रेषा पुरेशी आहे. पण मुरुमांच्या व्रणांचा त्या वाक्यात उल्लेख नाही. सोळाव्या वर्षी ज्याचा चेहरा खड्ड्यांनी भरला आणि ज्याने तेव्हापासून कोणाच्याही डोळ्याला डोळा भिडविला नाही, तो तरुण रेषेच्या कोणत्या बाजूला? त्याचे दुखणे कातडीवर दिसते तेवढेच आहे, असे म्हणणाऱ्याने त्याच्याशी एकदा बोलून पाहावे. उलट, एखादा जुना, लहानसा व्रण अपघाताचा आहे एवढ्यावरून त्याच्यासाठी घर गहाण टाकणे शहाणपणाचे ठरते काय? जखमेचे कारण पाहून निर्णय होत नाही. तिचे वजन पाहावे लागते.

ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीतही आम्हांला हीच दिशा दिसते. ४ ऑक्टोबर १९५८ रोजी, निधनापूर्वी अवघे पाच दिवस, पोप बारावे पायस यांनी इटलीतील प्लॅस्टिक सर्जनांपुढे या विषयावर भाषण केले. शारीरिक सौंदर्य हे चांगलेच आहे, पण ते सर्वोच्च नव्हे, म्हणून त्याने अधिक मोठ्या हितांच्या खालीच राहिले पाहिजे, हा त्या विवेचनाचा गाभा. हेतू सरळ असावा, प्रकृतीला मोठा धोका नसावा आणि कारण उपचाराच्या प्रमाणात असावे. मग अशी शस्त्रक्रिया देवाच्या इच्छेविरुद्ध नाही. न्यायापासून लपण्यासाठी किंवा निव्वळ फॅशनच्या लहरीखातर ती करणे मात्र त्यांनी मान्य केले नाही. १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथानेही शरीराची काळजी घेण्यास सांगताना शरीराची पूजा मांडण्याविरुद्ध इशारा दिला आहे. म्हणजे ज्या वडीलधाऱ्यांना हा उपचार मुळातच पाप वाटतो, त्यांना या शिकवणुकीचा आधार नाही. आणि ज्यांना तो केवळ खासगी आवडीचा प्रश्न वाटतो, त्यांनाही नाही. प्रमाण पाहा, हेतू पाहा, असे ती सांगते.

पण हेतू पाहायचा तो कोणाचा? येथे आम्हांला एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. शरीराचा जो भाग आपण सर्वांत अधिक 'माझा' मानतो, तोच आपल्याला स्वतःला कधी थेट पाहता येत नाही. हात दिसतात, पाय दिसतात. चेहरा दिसतो तो आरशातच. तो थेट पाहतात इतर माणसे. आईने आपला चेहरा आपल्या आधी पाहिलेला असतो. चेहरा आपल्या मानेवर असला, तरी तो राहतो इतरांच्या डोळ्यांत. म्हणून "चेहरा आमचा, इतरांना काय त्याचे" हे वाक्य पुरते खरे नाही. कोणी एकटा बेटावर राहत असता, तर सुरकुत्यांसाठी त्याने क्वचितच लेसर घेतला असता. त्या खुर्चीत माणूस एकटा बसतो खरा; पण त्याला तेथे बसविणाऱ्या कित्येक नजरा असतात. मग त्या उपचाराचा जाब केवळ बसणाऱ्याला का विचारायचा? बसविणाऱ्यांना का नको?

विवाह जुळविण्याच्या वेळी आपल्या घरांत काय बोलले जाते ते आठवून पाहू. मुलगी शिकलेली आहे, नोकरी करते, स्वभावाने चांगली आहे, "पण चेहऱ्यावर जरा डाग आहेत" किंवा "रंगाने जरा सावळी आहे." हा 'पण' आपण सहज उच्चारतो. त्या एका शब्दाचे मोल कोणा मुलीने महिनोन्‌महिने सोलून घेतलेल्या कातडीने चुकविलेले असते. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' या नावाचे मलम भारतात आले. २०२० साली कंपनीने त्याच्या नावातला गोरेपणा काढून त्याचे नाव 'ग्लो अँड लव्हली' असे केले. पाटी बदलली, आपल्या बैठकीच्या खोलीतील 'पण' बदलला काय? येथे हेही स्पष्ट सांगितले पाहिजे, की रिसरफेसिंग हा गोरे होण्याचा उपचार नव्हे. सावळा वर्ण हा आजार नाही, म्हणून त्याला औषधही नाही. त्यासाठी किरण सोडून घेणे म्हणजे निरोगी त्वचेला वर सांगितलेल्या साऱ्या धोक्यांच्या तोंडी देणे होय.

येथे कोणी संत डेमियन यांचे उदाहरण देईल, आणि ते द्यावेही. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करता करता त्यांना तोच रोग जडला आणि १८८९ साली त्यांचे निधन झाले. अखेरच्या दिवसांत रोगाने विद्रूप झालेल्या त्यांच्या चेहऱ्याची छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत. वॉशिंग्टन येथील अमेरिकी संसदभवनात उभारलेला त्यांचा पुतळा त्याच, व्रणांनी भरलेल्या चेहऱ्याचा आहे. २००९ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. तो चेहरा पाहून कोणी मान फिरवीत नाही, कारण पाहणाऱ्याला त्यामागची कथा ठाऊक आहे. या उदाहरणातून कोणता धडा घ्यायचा, याविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. "डेमियननी सोसले, तूही सोस" असे भाजलेल्या मुलीला सांगणे हा त्याचा अर्थ नव्हे. त्यांनी आपला मार्ग स्वतः निवडला होता. तिने स्टोव्हचा भडका निवडलेला नाही. धडा तिच्यासाठी नाहीच, तो पाहणाऱ्यांसाठी आहे. संताच्या विद्रूप चेहऱ्यापुढे मेणबत्ती लावणारे आपण शेजारच्या बाकावर बसलेल्या विद्रूप चेहऱ्याकडे सरळ पाहू शकतो काय?

यावर कोणी म्हणेल, "तर मग समाजाची नजर सुधारणे हाच खरा उपाय, लेसर कशाला?" हा आक्षेप वरवर उदात्त वाटतो, पण त्यात एक अन्याय दडलेला आहे. समाज सुधारावा हे खरे. पण तो सुधारेपर्यंत त्या मुलीने काय करावे? आपल्या सर्वांच्या दोषाचे प्रायश्चित्त तिने एकटीने का घ्यावे? आपल्याला न्यायाची लढाई लढायची असेल तर ती आपण आपल्या घरात, आपल्या जिभेवर लढावी. तिच्या चेहऱ्याला झेंडा करू नये. म्हणून आमचे मत असे, की येथे न्याय दोन वेगवेगळ्या मापांनी केला पाहिजे. जो सोसतो आहे, त्याच्याविषयी उदार असावे. त्याने पूर्ण विचारान्ती उपचार घेतला तर कोणी नाक मुरडू नये, आणि घेतला नाही तर कोणी आग्रह करू नये. जो पाहतो आहे, त्याच्याविषयी म्हणजे स्वतःविषयी, कठोर असावे. आपण मात्र नेमके उलट करतो. व्रण असलेल्याला उपदेश करतो आणि आपल्या नजरेला सूट देतो.

आई-वडिलांवर येथे विशेष जबाबदारी येते. लग्न ठरले, की महिना-दीड महिना आधी मुलीला दवाखान्यात नेण्याची घाई केली जाते. वर सांगितलेली लाली आणि काळे डाग यांचा कालावधी पाहता, वैद्यकीय दृष्टीनेही ही घाई चुकीची आहे. वेदीसमोर उभे राहण्याच्या दिवशीच डाग सर्वांत गडद असायचे. वयात येणाऱ्या मुलामुलींचे मुरूम चालू असताना व्रणांवर लेसर मारण्यापेक्षा आधी मुरूम आटोक्यात आणावे. ते साध्या औषधांनी बहुधा येतात, आणि वेळीच आणले तर व्रण पडण्याचे प्रमाणच कमी होते. याहून महत्त्वाचे म्हणजे मुलाने वा मुलीने स्वतः विचारले आहे, की आपणच त्यांच्या चेहऱ्याविषयी रोज बोलून त्यांना विचारायला लावले आहे, हे आई-वडिलांनी आपल्याशी प्रामाणिकपणे तपासावे. भाजलेल्या लहान मुलाची गोष्ट निराळी. तेथे हालचाल, खाणे, पापणी मिटणे यांचा प्रश्न असतो; त्याच्या मोठे होण्याची वाट पाहत बसणे हीच चूक ठरू शकते.

संमतीविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. दवाखान्यात पुढे केलेल्या कागदावर आपण न वाचता सही करतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. आणि २००८ सालच्या एका निर्णयात सांगितले, की उपचाराचे स्वरूप, त्याचे लाभ, पर्यायी उपाय, मोठे धोके आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे पुरेसे समजावून दिल्यावर मिळालेली संमती हीच खरी संमती. ही केवळ कायद्याची बाब नाही. ज्याला धोका सांगितलाच नाही, त्याने धोका पत्करला असे म्हणता येत नाही. त्याच्यावर तो लादला गेला.

म्हणून ज्यांना या उपचाराचा विचार करावासा वाटतो, त्यांनी डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. आपण त्वचारोगाचे किंवा प्लॅस्टिक सर्जरीचे पदवीधर आहात काय? किरण आपण स्वतः सोडणार, की मदतनीस? माझ्यासारख्या वर्णाच्या किती रुग्णांवर आपण हा उपचार केला आहे, आणि त्यांपैकी किती जणांना डाग पडले? चाचणी आधी घेणार ना? काही बिघडले तर पुढचे उपचार कोण करील, आणि त्यांचा खर्च कोणाचा? याहून सौम्य उपाय आहे काय? वैद्यकीय परिषदेच्या २००२ सालच्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो, तो पाहावा. यूट्यूबवर किंवा एखाद्या कार्यशाळेत पाहून शिकणे अशा उपचारांसाठी पुरेसे नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ साली स्पष्टपणे सांगावे लागले, यावरून परिस्थितीची कल्पना यावी. प्रश्न विचारल्याने जो डॉक्टर रागावतो, त्याच्या हाती आपला चेहरा देऊ नये.

शेवटी एक प्रश्न स्वतःला विचारावा. हा डाग गेल्यावर मी काय करणार आहे? "लोकांत मिसळेन, नोकरीसाठी मुलाखत देईन, फोटोत मागे उभी राहणार नाही" असे उत्तर मनापासून येत असेल, तर व्रणाने आयुष्याची वाट अडविलेली आहे आणि ती मोकळी करणे योग्यच. पण "मग लोक मला चांगले म्हणतील" एवढेच उत्तर येत असेल, तर थोडे थांबावे. लोकांचे समाधान कातडीच्या एका थराने होत नाही. तो थर गेला, की ते पुढच्या थराकडे बोट दाखवितात.

पटेल यांनी शोधलेला किरण त्वचेत फार तर काही मिलिमीटर खोल जातो, आणि त्याची खोली डॉक्टरांना मोजता येते. आपला एखादा शब्द किती खोल जातो, हे मोजणारे यंत्र निघालेले नाही. कोणी उपचार घ्यावा आणि कोणी घेऊ नये, हे आम्ही येथे ठरवू शकत नाही. ते ज्याचे त्याने, जाणत्या वैद्याच्या सल्ल्याने ठरवावे. येत्या रविवारी मिस्सानंतर प्रांगणात उभे राहून कोणाच्या चेहऱ्याविषयी काही बोलायचे तोंडावर आले, तर ते गिळावे, एवढे मात्र आपल्या सर्वांच्या हाती आहे. त्याला ना खर्च, ना धोका.